पिंजऱ्यात कोणीतरी बसले आहे

हे घडलेले आहे.

घडले तेव्हा मी तिथे होतो. समोर होतो. शुद्धीत होतो. वय झाले म्हणून भास झाला असेल, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. परंतु माझ्याखेरीज आणखी एक व्यक्ती त्या खोलीत होती. ती तरुण आहे, यंत्रविद्येत मुरलेली आहे, आणि त्या दिवसापासून ती या विषयावर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायला राजी नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. रविवारची. खिडकी उघडी होती. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार धूत होते. नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज वर येत होता. खोली म्हणजे आमच्या घराची मागची खोली. एक लांब टेबल, दोन खुर्च्या, भिंतभर पुस्तके, आणि टेबलावर संगणक.

त्या दोन खुर्च्यांत पूर्वी आम्ही बसत असू. मी आणि माझी पत्नी.

ती जाऊन आता बराच काळ लोटला आहे.

मी जन्मभर संस्कृत शिकवले. शब्द आणि त्याचा अर्थ यांच्या नात्यावर एक ग्रंथ लिहीत आलो. तो पुरा होत आला आणि डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. वैद्यांनी स्पष्ट सांगितले, की आहे ती दृष्टी टिकवू, गेलेली परत येणार नाही. मी चिडलो. आदळआपट केली. पत्नीने मात्र दुसऱ्याच दिवशी संगणकाला मायक्रोफोन जोडला आणि माझे हस्तलिखित पहिल्या पानापासून वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतले.

"तुम्हाला दिसेनासं झालं, तर ऐकून तरी पुरं कराल," ती म्हणाली.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी एक आवाज येतो. खळ्ळ. वाचायला बसण्यापूर्वी ती मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवी, त्याच्या धातूच्या पट्ट्याचा तो आवाज. मग ती वाचू लागे. मधूनच थांबून म्हणे, "अहो, हे वाक्य फार लांबलंय. मला मध्ये श्वास घ्यायला तरी जागा ठेवा." आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, मला दुपारी डुलकी लागते हे ठाऊक असल्यामुळे, थट्टेने विचारी,

"ऐकताय ना?"

ती गेल्यावर मी रोज दुपारी ती मुद्रणे ऐकत असे. आणि तिने विचारले की मोठ्याने "हो" म्हणत असे. वेडेपणा होता. पण माझ्या घरात, माझ्या खोलीत होता.

एके दिवशी असाच ऐकत बसलो होतो. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काही कागद छापून घ्यायला त्यांचा पेनड्राइव्ह दिला होता; तो संगणकाला लावलेला होता. मी माउस हलवत होतो. एकाएकी तिचा आवाज…

मधल्याच शब्दावर तुटला.

पडद्यावर काळी पाटी आली. तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, असे तीत लिहिले होते. सोबत खंडणीची मागणी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते आठवले तरी संताप येतो. दुरुस्तीच्या दुकानातला माणूस म्हणाला, सगळे पुसून नवे करून देतो. मी म्हणालो, पुसायचेच असते तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? दुसऱ्याने संगणक ठेवून घेतला आणि झाकणसुद्धा न उघडता परत दिला. मदतीचा क्रमांक फिरवावा तर तिथे वाद्य वाजत राही, आणि एक बाई अधूनमधून सांगे की माझा वेळ त्यांच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी मान खाली घालून खंडणीच्याच पत्त्यावर निरोप धाडला. तोही परत आला. तो पत्ता कधीच बंद पडलेला होता. कुलूप घालणारे निघून गेले होते. कुलूप तेवढे राहिले होते.

अखेर मी पुतणीला फोन केला.

हिला लहानपणी आम्ही खारू म्हणत असू, कारण मिळेल ती वस्तू ही कुठेतरी दडवून ठेवी. अजूनही तेच नाव चालते. असले घातकी प्रोग्रॅम पकडायचे, त्यांना उघडून पाहायचे आणि त्यांची खोड मोडायची, हीच तिची नोकरी. काकूवर तिचा फार जीव. तिच्या काकूचे ते घड्याळ मी तिलाच दिले होते.

ती आली तेव्हा ते तिच्या मनगटावर होते. हे लक्षात ठेवावे.

"पाहा काका," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली, "हा कुलूप घालतो म्हणजे आधी एक चावी घडवतो. ती कशी घडवतो, हे मला एकदा, फक्त एकदा बघायला मिळालं, की तुमची चावी मी काढून देते."

"मग बघ की."

"बघायचं तर त्याला चालवायला हवं. तुमच्या मशीनवर चालवला तर तो पुन्हा सगळं नासवेल. म्हणून त्याला पिंजऱ्यात चालवायचं."

तिने आपला लॅपटॉप उघडला आणि त्याच्या पडद्यावर एक चौकट उघडून दाखवली. त्या चौकटीत दुसरा संपूर्ण संगणक होता. त्याला ते लोक व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या प्रोग्रॅमला वाटावे की आपण खऱ्याखुऱ्या यंत्रात आहोत. वस्तुतः सारा आभास. बाहेरून खारू सगळे पाहू शकते, वाटेल तेव्हा थांबवू शकते. प्रयोगापूर्वीचा क्षण ती जपून ठेवते आणि प्रयोग झाला की यंत्राला त्याच क्षणाकडे मागे नेते. आत जे घडले ते घडलेच नव्हते, असे होते.

"सोपे आहे की मग," मी म्हणालो.

"सोपं असतं तर मी रविवार वाया घालवला असता?"

अडचण अशी, की हा प्रोग्रॅम मोठा संशयी. जागा होताच तो आधी चाचपून पाहतो, की आपण खऱ्या यंत्रात आहोत की पिंजऱ्यात. डिस्क संशय यावा इतकी लहान आहे का? आतल्या भागांची नावे पिंजरा बनवणाऱ्यांची तर नाहीत? ठरावीक कामाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो का? आणि सर्वांत शेवटी, समोर कोणी माणूस बसले आहे का? जरा जरी शंका आली, की तो काहीही न करता बंद होतो. साधुसंतासारखा.

मला यात माझे शास्त्र दिसले. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशावरून कळते? असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. न दिसणे हेच ज्ञानाचे साधन. आमच्याकडे याला अनुपलब्धि म्हणतात. मी हे खारूला सविस्तर सांगू लागलो.

"काका, तुम्ही माझ्या पाठीमागे उभं राहून श्वास घेऊ नका हो. मला सुचत नाही."

"श्वासच घ्यायचा नाही म्हणतेस?"

"घ्या. पण त्या खुर्चीत बसून घ्या."

सबंध सकाळ त्यात गेली. तिने पिंजऱ्याची डिस्क मोठी केली. प्रोग्रॅम बंद. भागांची नावे बदलली. बंद. आतल्या घड्याळाची गती जुळवली. बंद. दर वेळी ती यंत्राला मागे नेई, काहीतरी सुधारी, पुन्हा चालवी. दर वेळी तो डोळा उघडे, चार बाजूंना पाही आणि मिटून घेई. खारू त्याला काय काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. आगाऊ कार्टे, हे त्यातले सर्वांत सभ्य.

एकेका परीक्षेत पिंजरा उत्तीर्ण होत गेला. राहिली ती शेवटची.

माणूस.

तिने माउस आपोआप हलेल अशी व्यवस्था केली. बंद. स्वतः आतला माउस हलवून पाहिला. तरीही बंद. तिने टेबलावर मूठ आपटली.

"मी बसलेय ना इथे! हाडामासाची! अजून काय पाहिजे याला?"

मीही वैतागलो होतो. सकाळपासून डोळ्यांत थेंब घालायचे राहिले होते, आणि प्रत्येक अपयशागणिक पत्नीचा आवाज माझ्यापासून आणखी दूर जातो आहे असे वाटत होते. म्हणून जरा तोडूनच बोललो.

"तुझा हा पिंजरा म्हणजे भाड्याने द्यायला काढलेली खोली आहे. भिंती आहेत, दारे आहेत, पण तिथे कोणी राहिलेले नाही. खुंटीवर पिशवी नाही, टेबलावर डाग नाही. मी चोर असतो तर मीसुद्धा उंबऱ्यातूनच परत गेलो असतो."

ती माझ्याकडे वळली.

"काकूचा जुना लॅपटॉप कुठाय?"

तो कपाटात होता. तिच्या आजारापूर्वीचा. मुद्रणे त्यात नव्हती, पण बाकी सारा संसार होता. तिची पत्रे, अर्धवट टिपणे, भाचरांचे फोटो, औषधांच्या वेळा. खारूने ते सगळे जसेच्या तसे पिंजऱ्यात नेऊन मांडले. पडद्यावरचे चित्रसुद्धा. कुठल्याशा बागेतल्या बाकावर आम्ही दोघे बसलो आहोत. डावीकडे मी, उजवीकडे ती.

आयकॉन डाव्या बाजूला ओळीने आले. नेमके माझ्या चेहऱ्यावर.

खारू हसली. "काकूने हे चालवून घेतलं नसतं."

खरेच नसते घेतले. तो तिचा एक हट्टच होता. कोणाच्या चेहऱ्यावर आयकॉन आलेला तिला खपत नसे. माणसाच्या तोंडावर पाय ठेवल्यासारखे वाटते, म्हणे. एकेक उचलून ती खाली गवताच्या हिरव्या पट्ट्यावर नेऊन ठेवी. डाव्या हाताने. ती डावखुरी होती.

"राहू दे," मी म्हणालो. "आता कोणाला त्याचे सुखदुःख?"

खारूने तो क्षण जपून ठेवला. प्रोग्रॅम चालवला. तो जागा झाला… आणि बंद झाला नाही. वाट पाहू लागला. खारूने माउस हलवला. लगेच बंद.

ती ताडकन उठली. "चहा घेते मी. नाहीतर खिडकीतून फेकून देईन हे सगळं."

पुन्हा मागे नेऊन, पुन्हा चालू करून, तो तसाच वाट पाहत ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेलो. चहा होईपर्यंत आम्ही भांडलो. ती म्हणाली, काका, होणार नाही हे, आता स्वीकारा. मी म्हणालो, तुझी पदवी मग काय भिंतीवर टांगायला आहे? ती म्हणाली, तुमचे ग्रंथ तरी कुठे कोणी वाचते? वाचणारी एकच होती, असे माझ्या ओठांवर आले. मी गाळणी पुढे केली. तिने चहा गाळला.

कप घेऊन आम्ही खोलीत परतलो.

खारू दारातच थांबली.

"काका… तुम्ही हात लावलात का याला?"

"मी तुझ्याबरोबर नव्हतो का?"

तिने कप खाली ठेवला. मी डोळे बारीक करून पडद्याजवळ गेलो. मला अंधूक दिसते. पण तेवढे दिसले.

माझा चेहरा मोकळा होता.

आयकॉन खाली होते… गवतावर… एका ओळीत.

घरात तिसरे कोणी नव्हते. पुढचे दार आतून बंद होते. खारूने बाहेरच्या माउसची नोंद तपासली. आम्ही नसताना तो हललेला नव्हता. आतला बाण मात्र हलला होता.

"काहीतरी बिघाड आहे," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. "मागे नेते."

तिने यंत्र मागे नेले. जपून ठेवलेल्या क्षणाकडे. त्या क्षणी आयकॉन माझ्या चेहऱ्यावर होते. ते आम्ही दोघांनी पाहिले होते, त्यावर बोललो होतो.

पडदा उजळला.

चेहरा मोकळाच होता.

"हे होऊच शकत नाही," खारू हळू म्हणाली. "हा जुना क्षण आहे, काका. हा बदलता येत नाही. मलासुद्धा नाही."

खाली मोटार धुणाऱ्याने नळी बंद केली असावी. पाण्याचा आवाज थांबला. एवढा वेळ तो सोबत करत होता, हे तेव्हा कळले.

"चालव," मी म्हणालो.

"नको."

"खारू. मला तिचा आवाज हवा आहे. चालव."

तिने प्रोग्रॅम चालवला. मग दोन्ही हात मांडीवर घेतले. मीही घेतले. माउस टेबलाच्या मधोमध एकटा पडला होता.

आम्ही वाट पाहत होतो. प्रोग्रॅमही वाट पाहत होता.

आणि मग…

खळ्ळ.

टेबलावर. माझ्या उजव्या हाताशी. रिकाम्या लाकडावर.

मी खारूकडे पाहिले. खारू स्वतःच्या मनगटाकडे पाहत होती. घड्याळ तिथेच होते. तिने दुसऱ्या हाताने ते गच्च धरले होते.

चौकटीतला बाण हलला.

सावकाश. ओळखीच्या जागी पुन्हा आलेले माणूस जसे वस्तूंना हात लावत फिरते, तसा तो फिरला. पत्रांच्या फोल्डरपाशी थांबला. भाचरांच्या फोटोंपाशी थांबला. मग वर सरकला आणि चित्रातल्या माझ्या कपाळाशी, केसांच्या रेषेशी, उगाच घुटमळत राहिला.

लॅपटॉपचा पंखा जोराने फिरू लागला.

"त्याने मान्य केलं…" खारू पुटपुटली. "त्याला वाटतंय, माणूस आहे."

प्रोग्रॅमने चावी घडवली. खारूच्या दुसऱ्या चौकटीत अक्षरे भराभर उमटत होती. तिला हवे होते ते सगळे तिथे येत होते. मी मनात म्हणालो, सुटलो.

पण प्रोग्रॅम एवढ्यावर थांबणारा नव्हता. चावी घडवली ती कुलूप घालायला. आत एकेक वस्तू बंद होऊ लागली. पत्रे गेली. टिपणे गेली. भाचरे गेली. बाण इकडून तिकडे धावत होता. जिथे जाई तिथले नाव पुसलेले. शेवटी ती काळी पाटी आली आणि बागेतले चित्र तिच्याखाली गडप झाले.

मला तेव्हा कुठे उमगले, की माझी चावी मिळावी म्हणून आम्ही आत काय चालू दिले होते.

"थांबव!" मी ओरडलो. "अगं, थांबव ते!"

काळ्या पडद्यावर बाण क्षणभर भांबावल्यासारखा फिरला. मग हळूहळू डावीकडे गेला. वर गेला. आणि जिथे माझा चेहरा होता, बरोबर त्या जागी जाऊन…

स्थिर राहिला.

खारूने यंत्र गोठवले. बंद केले नाही, मागे नेले नाही. होते तसे गोठवले. 

संध्याकाळपर्यंत माझ्या संगणकाची चावी निघाली. एकही फाइल गेली नव्हती. खारूने पहिले मुद्रण लावून पाहिले. घड्याळ ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तिचा आवाज. मी रडलो. खारू रडली नाही. ती त्या बाणाच्या हालचालीचा आलेख पाहत होती.

तिने तो कचेरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला धाडला. तरुणपणीच टक्कल पडल्यामुळे सगळे त्याला पणजोबा म्हणतात. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. तिने तो मलाही ऐकू येईल असा लावला.

"खारू, रविवारी कसली कामं करतेस गं? मजेत आहेस ना?"

"पणजोबा, आलेख पाहिलास? प्रोग्रॅमची चाल आहे की माणसाची?"

"माणसाचीच. प्रोग्रॅम इतका सुंदर रेंगाळत नाही. वयस्कर आहे कोणीतरी, हात कापतोय. आणि वळणं सगळी उलट्या बाजूला झुकतायत." तो हसला. "डावखुरं माणूस कुठून पकडून आणलंस?"

खारू उजव्या हाताची आहे. मीही.

ती फोन ठेवून खिडकीशी गेली. मग एकदम वळली. तिच्या चेहऱ्यावर सकाळचाच वैताग परत आला होता, आणि मला त्यामुळे धीर आला.

"याची परीक्षाच खोटी आहे," ती म्हणाली. "रिकाम्या जागी माणूस दिसतो म्हणजे परीक्षा भिकार आहे, बाकी काही नाही. थांबा, दाखवते."

प्रोग्रॅमचा विषारी भाग छाटून टाकून तिने केवळ ती शेवटची परीक्षा वेगळी काढली. निरुपद्रवी. माझ्या संगणकावर लावली. आधी स्वतः माझ्या खुर्चीत बसून माउस हलवला.

उत्तर आले, माणूस आहे.

"हं. तुमचं घर याला पटलंय म्हणजे. आता रिकामं ठेवू." आम्ही दोघे दूर उभे राहिलो. उत्तर आले, कोणी नाही.

"बरोबर सांगतोय की," मी म्हणालो.

तिला ते आवडले नाही. "आता तुम्ही बसा."

मी बसलो. माउस धरला. हलवला, दाबला, चार अक्षरे टंकली. याच यंत्रावर, याच खुर्चीत मी बसलेलो असताना या प्रोग्रॅमने मला ओळखले होते. माणूस आहे अशी खात्री पटली, म्हणून तर त्याने त्या दिवशी कुलूप घातले होते.

उत्तर आले.

कोणी नाही.

खारू म्हणाली, "फार हळू हलवताय तुम्ही. जोरात." मी जोरात हलवला.

कोणी नाही.

तिने माझ्या हातावर आपला हात ठेवून हलवला. माणूस आहे. हात काढून घेतला…

कोणी नाही.

"भिकार आहे," ती म्हणाली. "म्हटलं ना मी." आणि तिने ती परीक्षा पुसून टाकली. पण पुसताना तिने माझ्या खांद्याला एकदा हात लावून पाहिला. सहज लावावा तसा. मला तो सहज वाटला नाही.

तो पिंजरा अजून तिच्याकडे आहे. गोठवलेला. नियमाप्रमाणे तिने तो त्याच दिवशी नष्ट करायला हवा होता. दर आठवड्याला तिचा फोन येतो.

"काका, पुसू का ते?"

"थांब."

"किती दिवस थांबायचं? पुन्हा चालू करायचं नाही, पुसायचं नाही. मग ठेवायचं कशाला?"

 पुसावे, तर काय पुसले जाईल ते मला ठाऊक नाही. चालू करावे, तर त्या काळ्या पाटीसमोर ती पुन्हा… आणि मागे न्यावे, तर ते सगळे तिच्याकडून पुन्हा करवून घ्यायचे. मी आपला चिडतो आणि फोन ठेवतो.

मी रोज दुपारी ऐकतो. ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, ते माझ्यापाशी आहे. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण तिच्या वाचनावरून जुळवतो आहे. खळ्ळ असा आवाज येतो. ती वाचू लागते. लांबलेल्या वाक्याला नावे ठेवते. पानाच्या शेवटी विचारते,

"ऐकताय ना?"

मी "हो" म्हणतो.

पूर्वी हा प्रश्न विचारून ती लगेच पुढचे पान वाचू लागे. थट्टाच होती ती. उत्तरासाठी ती थांबत नसे.

हल्ली… थांबते.

खारूला मी फाइल तपासायला लावली. फाइल जेवढी होती तेवढीच आहे, ती म्हणाली. एका क्षणानेही वाढलेली नाही.

असेल.

पण मी "हो" म्हणतो. मोठ्याने म्हणतो. भिंतीवर आदळून परत येईल इतक्या मोठ्याने म्हणतो.

आणि ती थांबूनच राहते… कोणी ओ दिलीच नाही, अशी.